सुताच्या काट्यावर

“माझ्या पोराला जाड म्हणायला तुम्ही कोण हो? तुमच्या घरचं खातंय व्हय ते?”

आईनं कमरेला पदर खोचला होता आणि हातात उलथनं तसंच होतं, पीठ लागलेलं. समोर चटईवर सोवनी मॅडम मांडी घालून बसल्या होत्या. पुण्याच्या. डॉक्टर, पण सुई टोचणाऱ्या नव्हेत. लहान पोरं काय खातात, त्यानं त्यांचं काय होतं, ह्याचा अभ्यास करणाऱ्या. आमच्या इचलकरंजीतल्या शाळांत जाऊन त्या पोरांची उंची घ्यायच्या, वजन करायच्या, कमरेला टेप लावायच्या. ज्यांचं वजन लई जास्त निघायचं त्यांच्या घरी जायच्या. आमच्याकडं माझ्या धाकट्या भावासाठी आल्या होत्या. शिवतेज. पाचवीत होता. शाळेत त्याला ढब्बू म्हणायचे, ढब्बू मिरचीतला ढब्बू.

मॅडमनी पुढ्यात स्टीलच्या वाट्या मांडल्या होत्या, एकात एक बसणाऱ्या, बारक्यापासनं मोठ्यापर्यंत.

“ताई, मी जाड नाही म्हटलं. काल दिवसभरात त्यानं काय काय खाल्लं, एवढंच विचारलं. आणि आमटी घेतली तर यातली कुठली वाटी?”

“आणि वर भांडी घिऊन आलाईसा! आमच्यात वाट्या नाहीत व्हय?”

“प्रत्येक घरची वाटी वेगळी असते, ताई. म्हणून एका मापाच्या...”

“माप? जेवत्या पोराचं माप काढू नये, एवढंबी शिकवलं नाही तुमास्नी? नजर लागती.” आईनं उलथनं भिंतीकडं केलं. तिथं फ्रेम होती, आत गुबगुबीत शिवतेज, लंगोटात, गळ्यात हार. “ते बघा. मंडळाच्या गणपतीत गुटगुटीत बाळाची स्पर्धा झालती. पहिला नंबर आलाय त्याचा. कुकर मिळालाय, कुकर! आजपत्तोर त्यातच भात शिजतोय.”

“छान आहे फोटो,” मॅडम म्हणाल्या. त्यांना हसू आलं असणार, पण हसल्या नाहीत. त्याबद्दल मी त्यांना मनातल्या मनात एक मार्क दिला. तोंडानं मात्र म्हटलं, “उठा आता. ऐकलं न्हवं? उठा.”

कपाटामागं शिवतेज बसला होता. सगळं ऐकत. त्याचे कान लाल झालेले मला दिसत होते. आतल्या खोलीत आण्णा रातपाळी करून झोपले होते. यंत्रमागाच्या खडखडाटात जन्म काढलेला माणूस, त्यांना भांडणानं जाग येत नाही.

मॅडमनी वाट्या गोळा केल्या, एकात एक घातल्या, आईला नमस्कार केला आणि निघाल्या. मी मागोमाग गल्लीत गेलो. भांडायलाच.

“परत आमच्या दारात यायचं नाही.”

“तू मोठा भाऊ ना? आज शाळा नाही?”

“सोडली.”

“का रे?”

“हेडसरांनी कानाखाली काढली. दुसरी काढायला लागले तर हात धरला मी त्यांचा.”

“एवढ्यासाठी?”

“एवढं बास हाय की. हेडसरांचा हात धरलेल्या पोराला कुठली शाळा घेतीया?”

त्या वेळी मी सोळाचा होतो, एका कारखान्यात मागांना सूत गुंडाळलेल्या कांड्या पोचवायचं काम करायचो. मॅडम चालायच्या थांबल्या. दोन्ही बाजूला माग चालू होते, त्यामुळं जवळ येऊन, जरा मोठ्यानं त्यांनी विचारलं, “आई रागावल्या. ठीक आहे. तू सांग. तू बघतोस ना त्याला?”

बघतो म्हणजे काय, मला सगळं दिसतं. तो माझा रोग हाय. मी सांगितलं. सकाळी आई कांड्या भरायच्या मशीनवर जाती, म्हणून चहा आणि बेकरीचं बटर. मधल्या सुट्टीत गेटवरनं पिवळ्या नळ्यांचं पाकीट. शाळा सुटल्यावर दुसरं पाकीट, कारण घरात कोण नसतंय आणि आण्णांना उठवायचं नसतंय. खेळायला जाईल कुठं? ग्राउंडवर सुताचे ट्रक लागतात. मग टीव्ही. मग आई येती, दिवसभर पोरगं उपाशी राहिलं म्हणून त्याला कुकरभर भात वाढती. मॅडम ऐकत होत्या. लिहीत नव्हत्या, नुसतं ऐकत होत्या.

“आता ह्याचं तुम्ही काय करणार?” मी विचारलं.

“आत्ता काहीच नाही. आम्ही मोजतो. वर्षानं परत येऊन मोजणार.”

“आणि नुसतं मोजून काय हुतंय?”

“मोजल्याशिवाय कुणी ऐकत नाही.”

“मोजल्यावर ऐकतात?”

माझ्या मोबाईलवर त्यांनी त्यांचा नंबर टाकून दिला. “काही वाटलं तर फोन कर. कधीही.” मी नाव टाकलं, ‘वाटीवाल्या मॅडम’. का टाकलं, माहीत नाही. भांडायला आलतो खरं तर.

मॅडमनी जाताना हेडसरांना बजावलं होतं, कुणाचं वजन कुणाला कळू देऊ नका, पोरं चिडवतात. आवटी हेडसरांनी मान डोलावली आणि नेमकं उलटं केलं. त्यांना कुठल्याही गोष्टीची स्पर्धा करायची लई हौस. हस्ताक्षर स्पर्धा, रांगोळी स्पर्धा, टापटीप वर्ग स्पर्धा. आता ‘वजन उतरवा, आरोग्य मिरवा’. एका कारखानदाराकडनं सुताची पोती मोजायचा काटा आणला आणि व्हरांड्यात ठेवला. दर शनिवारी प्रार्थना झाली की जाडी पोरं ओळीनं त्या काट्यावर चढायची, आणि पीटीचे खाडे सर सगळ्या ग्राउंडला ऐकू जाईल असं वजन ओरडायचे.

पहिल्या शनिवारी शिवतेज घरी आला तो थेट गोधडीत.

“काय झालं रे?”

“पोरं म्हणाली, ढब्बूचं पोतं फुटलं, सूत सांडलं.”

“कोण म्हणालं? नाव सांग. दात पाडतो त्याचं.”

“सगळीच म्हणाली, दादा. सगळ्यांचं पाडणार हाईस काय?”

त्याला मी काय सांगू? गेटवर जाऊन उभा राहिलो तर शिपाई महादूमामा आत सोडायचे नाहीत. “सुय्या, तुला बंदी हाय बाबा. माझी नोकरी घालवू नको.” मी जाळीतनं खाडे सरांना शिव्या हासडल्या आणि परत आलो. बाकी हुणार काय होतं?

होळीच्या सुमाराला शिवतेज उतरायला लागला.

आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग एका शनिवारी तो उड्या मारत कारखान्यावर आला. मी कांड्यांची पाटी खाली ठेवली.

“दादा, बघ.” त्यानं चड्डीच्या नाडीत आख्खी मूठ घातली. “मावतीया! खाडे सर म्हणाले, असंच चाललं तर पहिला नंबर. सगळ्यांसमोर सत्कार.”

“आज काय काय खाल्लंस?”

“सगळं. लई भूक लागतीया. तरीपण उतरतंय!” आणि माठाकडं जाऊन त्यानं पाणी प्यायला सुरवात केली. एक पेला, दुसरा, तिसरा. कारखान्यातली माणसं बघायला लागली.

“किती पितोस रे?”

“पाण्यानं वजन उतरतंय, सर म्हणालेत.” पेला ठेवला आणि पळाला.

“आता कुठं?”

“मुतायला.”

“आत्ता येताना गेल्तास न्हवं?”

“परत आली.”

मला ते आवडलं नाही. का आवडलं नाही ते सांगता येत नव्हतं. भूक वाढली आणि पोरगं वाळलं, असं कधी बघितलं नव्हतं. बघितलं नव्हतं म्हणजे, एकदाच बघितलं होतं. माझ्या आणि शिवतेजच्या मधी एक पोरगी होती, कोमल. ती दुसऱ्या वर्षी वाळत वाळत गेली. मी लहान होतो, पण तिचे पाय मला दिसतात अजून. आई तिचं नाव काढत नाही. शिवतेज झाला आणि आईनं त्याला खाऊ घालायचा सपाटा लावला, तो त्यापायी. फोटो लावला, तोबी त्यापायी. हे मॅडमना कोण सांगणार?

मग मोरीत मुंग्या व्हायला लागल्या. आमच्यात मोरी घरातच. शिवतेज कोपऱ्यात लघवी करायचा आणि थोड्या वेळानं तिथं काळ्या मुंग्यांची रांग. पहिल्यांदा मला वाटलं, काहीतरी सांडलं असंल. मग तो एवढा मोठा घोडा अंथरूण ओलं करायला लागला. आई रोज गोधडी धुवायची. एक दिवस ती ओली गोधडी धुवायच्या आधी बाहेर टाकलेली, तर तिच्यावरपण मुंग्या.

“आई, हिकडं ये. हे बघ.”

“गुळाचं पाणी सांडलं असंल.”

“गोधडीवर कुठला गूळ?”

“मग काय म्हणतोस तू? काय झालंय त्याला?” आईचा आवाज चिरकला. “नजर लागलीया. त्या वाट्यावालीची. मी म्हटलं नव्हतं?” तिनं मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकली. तडतड वाजली ती. आईला वाटलं उतरली.

मी हट्टच धरला तेव्हा ऐनापुरे डॉक्टरांकडं नेलं, आमच्या गल्लीच्या तोंडाला दवाखाना हाय तिथं. डॉक्टरांनी जीभ बघितली, पोट दाबलं.

“ऊन बाधलंय. वजन उतरलंय ते बरंच झालं की, लई होतं त्याचं. पाण्यातनं ग्लुकोज पावडर द्या, ताकद येईल.”

“पण ते लई मुततंय, डॉक्टर,” मी म्हटलं. “आणि त्याला मुंग्या...”

“पाणी पितंय ते मुतणारच. तू डॉक्टर हाईस काय?”

मी तिथलं स्टूल लाथाडलं. ते जाऊन काचेच्या दाराला लागलं. आईनं सगळ्या पेशंटांसमोर माझ्या थोबाडीत दिली. झालं, माझं बोलणं तिथंच संपलं. नेहमी असंच हुतंय. मी खरं बोललो तरी लोकांना माझा आवाज तेवढा ऐकू येतोय, शब्द नाही.

मॅडमना फोन करावा असं मनात आलं. पण सांगणार काय? वजन उतरलं म्हणून? त्या तर खूशच होतील. त्यांना तेच पाहिजे होतं.

आईनं ग्लुकोज पावडरचा मोठा डबा आणला. शिवतेजला ती लई आवडली. गार, गोड. पेल्यामागनं पेले. डबा संपला की आई दुसरा आणायची.

सत्काराच्या दिवशी सकाळी त्याला ओकारी झाली. पोटात दुखतंय म्हणाला. श्वास असा घेत होता, जशी आख्खी गल्ली पळून आलाय. मी जवळ बसलो तर तोंडाला वास, पिकून सडायला आलेल्या चिक्कूचा.

“आज जायचं नाही शाळेत,” मी म्हटलं.

“दादा, आज सत्कार हाय.”

“खड्ड्यात गेला सत्कार.”

तो रडायला लागला. डोळे खोल गेलेले, त्यातनं पाणीपण धड येईना. “तुझ्या पाया पडतो. आज मला कोण ढब्बू म्हणणार नाही. आजच्या दिवस जाऊ दे.”

आईनं त्याला नवा शर्ट घातला. मापाचा आणला होता, पण खांद्यावरनं उतरत होता. “भीतीनं झालंय त्याला. टेजावर जायचंय न्हवं? उपाशी हाय, म्हणून ओकारी. पेढा खाल्ला की बरं वाटंल.” तिनं त्याची अलाबला घेतली आणि त्याचा दंड हळूच दाबून बघितला. मला दिसलं ते. ती भ्यायली होती. माझ्याइतकीच भ्यायली होती, फक्त तिला ते तोंडानं म्हणायचं नव्हतं.

ती त्याला घेऊन गेली. मला कामावर जायचं होतं. मी चौकापर्यंत गेलो आणि तिथनं फोन लावला.

“मॅडम, मी सुयोग. इचलकरंजी. तुमच्या वाट्या... ढब्बूचा भाऊ.”

“हां, शिवतेजचा. बोल.”

“ते उतरलंय. लई उतरलंय. सारखं पाणी पितंय. आणि मॅडम, मुततंय तिथं मुंग्या लागतात.”

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“ओकारी?” त्यांचा आवाज बदलला होता.

“सकाळी झाली.”

“श्वास कसा आहे? तोंडाला वास येतो?”

“चिक्कूसारखा.”

“सुयोग, नीट ऐक. त्याला आत्ता, ह्या मिनिटाला मोठ्या दवाखान्यात ने. रक्तातली साखर तपासा, हे आत शिरल्या शिरल्या सांग. आणि गोड काही देऊ नका. ऐकलंस? गोड नको. पळ.”

मी पळालो. गेटवर महादूमामा आडवे आले.

“सुय्या, आज पाव्हणे हाईत. आज तर नकोच.”

“मामा, पोरगं मरंल! सोडा!”

“तू दर वेळी असंच बोलतोस रे.”

हे खरं होतं. मी दर वेळी असंच बोलायचो.

मी बाजूला जाऊन भिंतीवरनं उडी टाकली. ग्राउंडवर मांडव. टेजावर आवटी हेडसर, खाडे सर, नगरसेवक, आणि मधोमध फुलांची माळ घातलेला तो सुताचा काटा. काट्यावर शिवतेजला उभं केलं होतं. गळ्यात हार, हातात नारळ. तो डोलत होता. लोकांना वाटत होतं, लाजतंय. समोर सगळी पोरं टाळ्या वाजवत होती, आणि खरंच, एकानंही ढब्बू म्हटलं नाही. आई पहिल्या रांगेत.

“जिद्द असावी तर अशी!” हेडसर माईकवर बोलत होते. “शिवतेजचा आदर्श सर्वांनी डोळ्यांसमोर ठेवावा!”

नगरसेवकांनी बॉक्समधला पेढा उचलला. शिवतेजनं तोंड उघडलं.

“गोड नको!” मी ओरडलो आणि टेजावर चढलो. नगरसेवकांच्या हाताला झटका दिला, पेढा उडाला, बॉक्स उडाला. माईक पडून कुईं करून किंचाळला.

मागनं खाडे सरांनी मला आवळलं. आणखी दोघं आले. मला खाली पाडलं, पाठीत गुडघा दिला.

“परत आलास? भावाचं कौतुकबी बघवेना तुला?” हेडसर ओरडले.

“साखर! साखर झालीया त्याला! दवाखान्यात न्या!”

“प्यायलास काय रे?”

“मॅडमना विचारा! आई, आई, त्याला घे तिथनं!”

तेवढ्यात शिवतेज काट्यावरनं खाली बसला. बसला म्हणजे, पाय गेले त्याचे. नारळ गडगडत टेजावरनं खाली गेला. आई धावली. सगळी माणसं त्याच्याभोवती जमली आणि मला नुसते पाय दिसायला लागले, चपला, बूट, आईची जोडवी.

“उपाशी हाय पोरगं, चक्कर आली!”

“साखर-पाणी आणा!”

“गोड नको!” मी. तोंडात धूळ.

“सरबत हाय, सरबत द्या!”

“गोड नको, आई! गोड नको गं!”

“ह्याचं तोंड दाबा कुणीतरी,” वरनं कोण तरी म्हणालं, आणि खाडे सरांचा हात माझ्या तोंडावर आला. मी चावलो. त्यांनी तरी सोडलं नाही. पायांच्या मधनं मला दिसलं, आईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि एका बाईंनी दिलेला पेला ती त्याच्या ओठाला लावत होती. माझ्याकडं बघून लावत होती. मी एवढा ओरडतोय, म्हणजे नेहमीसारखा पिसाळलोय, असं तिला वाटलं असणार. तिचा हात थांबला नाही.

मी खाली पडून बघत राहिलो. मला एवढं सगळं दिसतं. काय उपयोग?

शेवटी महादूमामांनी गर्दीत हात घातला. “श्वास बघा की त्याचा! हे चक्करचं काम नाही. उचला!” नगरसेवकांच्या गाडीत घातला. मला कुणी सोडलं, कधी सोडलं, आठवत नाही. गाडीमागं पळत गेलो तेवढं आठवतंय.

मोठ्या दवाखान्यात मी शिरलो तेव्हा त्याला आत घेतलं होतं. मॅडमनी तिथं आधीच फोन केला होता. बोटाला टोचून रक्त बघितलं तर साखर एवढी, की मशीनला आकडाच दाखवता येईना. शिवतेज शुद्धीत नव्हता. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, शुगर हाय, डायबेटीस, आता काही सांगता येत नाही.

“शुगर?” आण्णा झोपेतनं उठून तसेच आले होते, अंगावर बनियन. “ती म्हाताऱ्या माणसांस्नी हुती. मालक लोकांस्नी. आमच्या पोराला कुठनं हुईल?”

दुपार टळली तेव्हा मॅडम आल्या, पुण्याहून गाडी करून. आई बाकड्यावर बसली होती. तिनं वर बघितलं आणि मला वाटलं, आता मॅडमचे केस धरती. धरले असते तर बरं झालं असतं.

“माझी एक पोर वाळून गेली,” आई म्हणाली. आवाज एवढा बारीक की आईचा वाटेना. “हाडाला कातडं चिकटून गेली. त्या वेळी कुठं होत्या तुमच्या वाट्या?”

मॅडम तिच्याशेजारी बसल्या.

“मी भरवलं म्हणून झालं हे?”

“नाही, ताई. हा वेगळा आजार आहे. खाण्यानं होत नाही. बारीक पोरालाही होतो. कुणाला का होतो, ते अजून नीट सांगता येत नाही.”

“तुमची नजर लागली?”

“नाही.”

“मास्तरांनी काट्यावर उभं केलं म्हणून?”

“त्यानं झालं नाही. त्यानं फक्त... कुणाला दिसलं नाही.”

“मग कुणामुळं झालं?” हे मी विचारलं. मी भिंतीला टेकून उभा होतो, मुठी आवळून. सकाळपासनं आवळलेल्या, उघडतच नव्हत्या. “कुणामुळं, ते सांगा की.”

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. डोळे भरले होते त्यांचे. “कुणामुळंच नाही, सुयोग.”

ऐनापुरे डॉक्टरांना हाणावं म्हणत होतो. खाडे सरांना, हेडसरांना. मॅडमनापण. आणि आता कुणी राहिलंच नाही. जन्मात पहिल्यांदा मला एवढा राग आला होता आणि मारायला समोर कोणच नव्हतं. मी खाली बसलो.

शिवतेज जगला. डोळे उघडल्यावर पहिलं काय म्हणाला सांगू? “दादा, पेढा खाली पडला काय रे?”

त्याला आता तीनेक वर्षं झाली. इंजेक्शनं चालू झाली तसं त्याचं अंग परत भरलं. मॅडम ठरल्याप्रमाणं परत मोजायला आल्या होत्या, तेव्हा वजन जवळपास पहिल्याएवढंच निघालं. त्यांनी आकडा बघितला, शिवतेजच्या गालाला हात लावला आणि पुढच्या पोराला बोलावलं. पोरं त्याला परत ढब्बू म्हणतात. त्याला वाईट वाटतंय. मला बरं वाटतंय. आता काय करायचं त्याला?

जाताना त्या वाट्या मॅडम आमच्याकडंच ठेवून गेल्या. आता आई त्यांनीच भात मोजती. मधली वाटी, काठाला सपाट केलेली, कारण जेवढा भात तेवढी सुई. जेवत्या पोराचं माप काढू नये म्हणणारी बाई. रोज वाटी ताटात पालथी घालती आणि लगेच त्याच्या डोक्यावरनं हात फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडती. रोज. आण्णा ताटावरनं मान वर करत नाहीत.

आणि दुपारच्या डब्याआधीची सुई शाळेत द्यावी लागती. शाळा म्हणाली, आम्ही जबाबदारी घेणार नाही, काय कमीजास्त झालं तर? शिवतेजचा स्वतःचा हात अजून कापतोय. आई मशीन सोडू शकत नाही. आण्णा झोपलेले. म्हणून मी जातो, आता चालवतो ते दोन माग मुकादमांवर सोपवून. औषध मडक्यात ठेवतो, वाळूत, गार राहावं म्हणून. लाईट कधी जाईल सांगता येत नाही. जातो त्याच शाळेत, रोज. महादूमामा न बोलता गेट उघडतात. व्हरांड्यात तो काटा अजून हाय. आवटी हेडसर मला बघून ऑफिसात शिरतात. मी मान खाली घालून जातो. मी! माझा एक शब्द उलटा गेला आणि त्यांनी गेट बंद केलं तर दुपारी सुई कोण देणार?

परवा शिवतेजनं विचारलं, “दादा, हे किती दिवस?” मी म्हटलं, “शर्ट वर कर.”

मुकादम, ह्या दोन मागांकडं बघा जरा. मधल्या सुट्टीची घंटा व्हायला आली. जातो मी.